नळाची धार बारीक का होते?

चाकणला कारखाने आले, जुन्या घरांवर मजले चढले, भाडेकरू वाढले. पण कित्येक घरांत भिंतीतला अर्धा इंची जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप तोच राहिला. टाकी भरलेली असते आणि वरच्या मजल्यावर धार मात्र करंगळीएवढी!

असा पाइप कापून आत बघा. जस्ताचा थर गेलेला, गंजाचे तांबूस फोड आलेले. बोअरचं जड पाणी असेल तर त्यावर क्षारांचा पांढरट थर. मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट. व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं नव्हे, सहाव्या हिश्शाच्या आसपास येतं.

भिंत फोडण्याआधी नळाची जाळी धुवा, टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो का पाहा. तरीही धार सुधारली नाही, तर नुसता नळाजवळचा तुकडा बदलण्यात पैसे घालवू नका. टाकीतून उतरणारी मुख्य लाइन निदान एक इंची हवी, अर्धा इंच फक्त शेवटी नळापाशी. एल्बो, म्हणजे वळणाचे सांधे, कमीत कमी. सोलरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइपच घ्या. यूपीव्हीसी उष्णतेनं मऊ पडतो.

पाइपाइतकीच टाकीची उंचीही बघा: १० मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. टाकी शॉवरच्या जेमतेम २ मीटर वर असेल, तर नवा पाइपही पुरणार नाही. तिथं टाकीनंतर छोटा प्रेशर पंप बसवावा. नगरपरिषदेच्या लाइनला थेट मोटर मात्र कधीही लावू नका: शेजाऱ्याचं पाणी तुटतं आणि फुटक्या सांध्यांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं.