तूप सोडले, तरी चरबी वाढली

आज रक्तातल्या चरबीविषयी बोलू. तिचे नाव जरा अवघड आहे: ट्रायग्लिसराइड. तपासणीच्या कागदावर हे नाव दिसले तर घाबरू नका. त्यासमोरचा आकडा वाचा. आता तुम्हाला आकडे वाचता येतात.

उपाशी पोटी आकडा १५० च्या आत असला तर ठीक. २०० च्या वर गेला तर जास्त. तेव्हा काही दुखत नाही, पण हृदयविकाराचा धोका वाढतो. ५०० च्या वर गेला तर लगेच डॉक्टरला दाखवा. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते, त्याला सूज येण्याची भीती असते. मग पोटात असह्य कळ येते, ती पाठीत जाते, उलट्या होतात. माणूस दगावूही शकतो.

महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथे मोठी पाहणी झाली. तिचे आकडे २०१४ साली छापून आले. शंभरांतल्या सुमारे तिसांची ही चरबी वाढलेली होती.

कुणी म्हणेल, "दादा, मी तूप सोडलं, तेल कमी केलं. मग चरबी आली कुठून?" साखरेतून आली, बरं का! साखर, मैदा, भात यांतले कामाला लागेल तेवढे खर्च होते. उरले की यकृत त्याची चरबी करून रक्तात सोडते. दारूनेही ही चरबी वाढते. आकडा जास्त असेल तर दारू बंदच करा.

आता चहाचा हिशेब करू. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. घरी, पाहुण्याकडे, बाजारात मिळून दिवसाला सहा कप. महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम! एकट्या माणसाची एवढी साखर, आणि तीही नुसत्या चहात. गुळाचा चहा घेतला तरी सुटका नाही.

आपल्या जालन्याची मोसंबी चांगली, पण सोलून खा. रसाच्या एका पेल्यात तीन-चार मोसंब्या जातात, वर साखर पडते ती वेगळीच.

ज्वारीची भाकरी खा, वरण आणि पालेभाजी जास्त घ्या. पण दिवसभर औत हाकणाऱ्याला चार भाकरी जिरत. मोटारसायकलवर फिरणाऱ्याला कशा जिरतील? रोज अर्धा तास तरी झपझप चाला. वजन थोडे उतरले तरी आकडा उतरतो.

मधुमेह असेल तर तोही ताब्यात ठेवा. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणीला जाताना रात्री लवकर जेवा. सकाळी चहासुद्धा नको, पाणी चालेल. आणि मागचा कागद सोबत न्या.