आभासी सृष्टींतील विद्याभ्यास

विद्यार्थ्याला चूक करण्याची मोकळीक कोठें द्यावी, हा शिक्षणशास्त्रांतील जुना प्रश्न आहे. शस्त्रवैद्याला रोग्याच्या देहावर चुकून चालत नाहीं. वैमानिकाला आकाशांत चुकून चालत नाहीं. म्हणून एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थानें १९२९ सालीं आपल्या वडिलांच्या वाद्यांच्या कारखान्यांतील भाते वापरून, जमिनीवरच डोलणारें एक लहानसें विमान तयार केलें. दुसऱ्या महायुद्धांतील असंख्य वैमानिकांनीं उड्डाणाचे पहिले धडे अशाच यंत्रांत बसून गिरविले. तेथें कोसळणाऱ्याचें हाड मोडत नसे. आज महाविद्यालयांतून ज्याला आभासी जग म्हणतात, त्याचें बीज या डोलत्या खोक्यांत आहे.

२००३ सालीं ‘सेकंड लाइफ’ नांवाची संगणकीय सृष्टि अमेरिकेंत खुली झाली आणि थोड्याच वर्षांत पाश्चात्य विद्यापीठांनीं तेथें आपलीं बेटें, सभागृहें व प्रयोगशाळा उभारल्या. तेथें विद्यार्थी जात नाहीं; त्याचा ‘अवतार’ जातो. आपल्या पुराणांतील हा शब्द संगणकशास्त्रानें जसाच्या तसा उचलला आहे. अशा वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव दुहेरी आहेत. एरवीं तोंड न उघडणारा मुलगा अवताराच्या आडून निःसंकोच प्रश्न विचारतो; प्रयोग दहा वेळां बिघडला तरी त्याला कोणी हंसत नाहीं. उलटपक्षीं, पहिले कित्येक तास त्या जगांत चालावयास शिकण्यांतच जातात, आणि नवलाई ओसरली कीं, ज्यांत अभ्यासाचा हेतु स्पष्ट नाहीं अशीं बेटें ओस पडतात. डोळ्यांवर व्ही. आर. चष्मा चढविला तर कित्येकांना मळमळूं लागतें. कारण डोळे देह चालत असल्याचें सांगतात आणि कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय तो स्थिर असल्याची साक्ष देतें.

भारतांतहि २००९ सालच्या राष्ट्रीय मोहिमेंतून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ हा उपक्रम उभा राहिला. मुंबईचें आय. आय. टी. व पुण्याचें अभियांत्रिकी महाविद्यालय या संस्था त्यांत सहभागी झाल्या. जेथें महाग उपकरणें नाहींत तेथील विद्यार्थ्यालाहि पडद्यावर प्रयोग करतां यावा, हा त्यामागील उदार हेतु. २०२० सालीं साथीमुळें महाविद्यालयांचीं दारें बंद झालीं, तेव्हां अशा प्रयोगशाळांचें मोल सर्वांस उमगलें. त्याबरोबर हेंहि उमगलें कीं, ज्याच्या घरीं संगणक नाहीं व ज्याच्या गांवीं मोबाइलची रेंज पोंचत नाहीं, त्याला या सृष्टीचेंहि दार बंदच.

तथापि मुख्य प्रश्न उपकरणांचा नाहीं. आभासी जगांत घेतलेल्या निर्णयाचें फळ कोण भोगतो, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचा विचार करावयास अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव उत्तम स्थळ आहे. अवर्षणानें उजाड झालेल्या या गांवानें १९८९ सालीं पोपटराव पवार या तरुण पदवीधरास सरपंच निवडलें. गांवकऱ्यांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं. पवारांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली.

समजा, जलशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठीं या गांवाची आभासी प्रतिकृति तयार केली. गांवाचें क्षेत्र सुमारें ९७६ हेक्टर. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी; म्हणजे ४०० मिलिमीटर पावसांत या शिवारावर सुमारें ३९० कोटि लिटर पाणी पडतें. विद्यार्थी चर बुजवून पाहील, तेंच पाणी उतारावरून वाहून जातांना दिसेल. शिवारभर ऊंस लावील, विहिरी आटतील. एक कळ दाबील, आणि पुन्हां पहिला पाऊस! तीन वर्षांचें अवर्षण तीन मिनिटांत डोळ्यांनीं पाहावयास मिळणें, ही पुस्तकाला न साधणारी गोष्ट आहे.

परंतु हिवरे बाजारानें संगणकावांचूनहि असेंच एक कल्पित जग उभें करण्याची रीत पाडली. पाण्याचा ताळेबंद म्हणजेच तें जग. पर्जन्यमापकावरील नोंद व विहिरींची पातळी यांवरून हिशेब होतो. माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचें पाणी आधीं राखून ठेवतात, मग शेतीचा वांटा ठरतो, आणि हा जमाखर्च ग्रामसभेपुढें मांडला जातो. पाऊस उणा झाला असेल तर कोणतें पीक सोडावयाचें, हें तेथेंच ठरतें. ऊंस व केळीं यांसारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठींच्या बोअरवेलना गांवानें मनाई केली. येथेंहि उद्यांचें जग आज कागदावर पाहिलें जातें. भेद एवढाच कीं, सभेंत संमति देणाऱ्याला तो निर्णय स्वतःच्याच शेतांत पाळावा लागतो. पुन्हां आरंभ करण्याची कळ त्याच्या हातीं नसते.

या दोन्ही शाळांत विरोध मानण्याचें कारण नाहीं; क्रम मात्र संभाळला पाहिजे. विद्यार्थ्यानें प्रथम आभासी शिवार हवें तितक्या वेळां सुकवावें. नंतर गांवीं जाऊन पर्जन्यमापकांतील पाणी स्वतः मोजावें, विहिरींत दोर सोडून पाहावा, आणि ज्याला एखादें पीक सोडावें लागलें त्या शेतकऱ्याचें म्हणणें ऐकावें. परतल्यावर आपल्या पूर्वीच्या निर्णयांची पुन्हां तपासणी करावी. उद्यांचे अभियंते व अधिकारी याच विद्यार्थ्यांतून निपजावयाचे आहेत. कळ दाबतांच पाऊस पुन्हां सुरू होतो, ही संवय घेऊनच ते खुर्चीवर बसले, तर त्यांच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या शिवाराला मोजावी लागेल.