शनी हळू का चालतो?

साडेसाती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पण ती साडेसातच वर्षांची का?

शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं, तीन राशींत साडेसात. एवढाच तो हिशेब.

मग शनी इतका मंद का? जर्मनीच्या योहानेस केप्लर यांनी १६१९ साली नियम छापला: ग्रह सूर्यापासून जितका लांब, तितकं त्याचं वर्ष मोठं, तेही ठरलेल्या गणिताने. नेमकं कारण १६८७ साली इंग्लंडच्या न्यूटन यांनी दिलं. सूर्य ग्रहांना ओढतो, आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई उरते. शनी आपल्यापेक्षा साडेनऊ पट लांब. तिथे किलोमागे सूर्याची ओढ साधारण नव्वदावा हिस्सा. गोफण आठवा. जोरात फिरवली की हाताला ओढ जास्त, हळू फिरवली की कमी. ओढ कमी, तिथे चाल मंद. पृथ्वी सेकंदाला जवळपास तीस किलोमीटर धावते, शनी दहासुद्धा नाही.

आणि शनीची आपल्यावरची ओढ? बैठकीत खेटून बसलेल्या बाईची ओढही जवळपास तेवढीच भरते! तिची शांती कोणी करत नाही.

शनीच्या शांतीसाठी कर्जाचा अर्ज आला, की आम्ही आधी हा हिशेब फळ्यावर मांडतो. कर्ज द्यायचं की नाही, ते मग सगळ्याजणी मिळून ठरवतात.