मुलांचे नागरिकत्व : वेळेवर करावयाची एक नोंद

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



मी वक्ता नाही आणि वकीलही नाही. इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो आणि गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या तारखा, सह्या व रकमा तपासतो आहे. तरीही कार्यकारिणीने हा विषय मला दिला, कारण आमच्याच घरात तो घडला आहे. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आपली मुले परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. काही तेथे नोकरीला लागतात, संसार थाटतात, त्यांना मुले होतात. पुढे त्या मुलांचा देश कोणता, हा प्रश्न उभा राहतो. आज मी फक्त ब्रिटनबद्दल बोलणार आहे. मला तेवढेच ठाऊक आहे.

नागरिकत्वाचा प्रश्न सोपा नसतो. संविधान सभेत १० ऑगस्ट १९४९ रोजी या विषयावर बोलताना खुद्द डॉ. बाबासाहेबांनी सांगितले होते की, एक अपवाद वगळता दुसऱ्या कोणत्याही कलमाने मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दिली नाही. जेथे बाबासाहेबांना त्रास झाला, तेथे आपण 'बघू नंतर' म्हणून कसे चालेल?

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण २००८ साली नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेली. जावई संगणकाच्या कामावर, वर्क व्हिसावर. थोरला मुलगा नागपुरात जन्मलेला, तेव्हा दीड वर्षाचा. २०१० साली लेस्टर शहरात मुलगी झाली. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर २०१३ मध्ये चौघांनाही कायम वास्तव्याची परवानगी मिळाली. तिला तिकडे 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन' म्हणतात. २०१४ मध्ये तिसरे अपत्य झाले. २०१५ मध्ये आईवडिलांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि सोबत थोरल्याचीही नोंदणी करून घेतली.

म्हणजे एका घरात तीन मुले आणि कायद्याच्या दृष्टीने तिघांचे तीन प्रकार! नागपूरला जन्मलेल्या थोरल्यासाठी अर्ज केला, कारण तो 'बाहेरचा' हे सर्वांना दिसत होते. धाकटा जन्मतःच ब्रिटिश नागरिक, कारण त्याच्या जन्माच्या दिवशी आईवडील स्थायिक होते. मधली मुलगी मात्र राहून गेली. का? तर 'हिचा जन्म इथलाच, हिचे केव्हाही होईल.' तीन माणसांची फी भरताना आधीच हात आखडलेला होता. चौथीची फी पुढे ढकलली ती ढकललीच.

२०२३ साली शाळेची सहल फ्रान्सला निघाली. मुलगी तेरा वर्षांची. वर्गातल्या मैत्रिणी ब्रिटिश पासपोर्टवर निघाल्या, हिच्याजवळ भारतीय पासपोर्ट. त्याला वेगळा व्हिसा लागतो आणि त्याची तारीख वेळेत मिळेना. सहल गेली, मुलगी घरी राहिली. त्या रात्री बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, ती विचारते, मी इथे जन्मले, दादा नागपूरला जन्मला, मग तो इथला आणि मी तिथली कशी?" मुलीच्या या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मी म्हटले, "रडू नकोस. मला आधी तारखा सांग." व्हाउचरच्या पाठीमागे मी तारखा उतरवून घेतल्या. मुलीचा जन्म २०१०. आईवडिलांची परवानगी २०१३. उत्तर त्या दोन ओळींतच होते.

१ जानेवारी १९८३ पूर्वी ब्रिटनच्या भूमीवर जन्मलेले मूल, काही थोडे अपवाद सोडल्यास, आपोआप तेथील नागरिक होत असे. त्या दिवशी १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा अमलात आला आणि नियम बदलला. आता जन्माच्या वेळी आई किंवा वडील यांपैकी एक तरी ब्रिटिश नागरिक किंवा तेथे स्थायिक असला पाहिजे. नुसता जन्मदाखला पुरत नाही. आपण त्यांना नावे ठेवू नयेत, आपल्या देशातही तसेच आहे. भारतातही १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरेसा राहिला नाही आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली.

मात्र त्याच ब्रिटिश कायद्याने मधल्या मुलांसाठी दोन दरवाजे ठेवले आहेत. पहिला असा की, तेथे जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील नंतर स्थायिक झाले, तर अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी अर्ज करून नोंदणी मिळवता येते. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा हक्क आहे. दुसरा दरवाजा असा की, तेथे जन्मून आयुष्याची पहिली दहा वर्षे तेथेच काढली असतील, तर आईवडिलांचा दर्जा काहीही असो, नोंदणी मागता येते, आणि ती अठरानंतरही. पण त्या दहांपैकी कोणत्याही वर्षात नव्वद दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेले नसावे. राहिलेले असल्यास अधिकाऱ्याच्या मर्जीवर जावे लागते. आमची आई २०१२ साली आजारी पडली तेव्हा बहीण मुलीला घेऊन चार महिने नागपुरात होती. आजीच्या सेवेचे ते चार महिने या दुसऱ्या दरवाजात आडवे आले असते. म्हणून पहिलाच दरवाजा धरला. २०२४ मध्ये मुलीची नोंदणी झाली. अठराव्या वाढदिवसापर्यंत थांबलो असतो तर तोही बंद झाला असता, आणि मग प्रौढांप्रमाणे परीक्षा, वास्तव्याच्या अटी आणि जास्त फी यांतून जावे लागले असते.

फीबद्दलही सांगितले पाहिजे. २०१८ मध्ये मुलाच्या नोंदणीला १,०१२ पौंड घेत होते, आणि सरकारचा स्वतःचा खर्च होता ३७२ पौंड. ज्या मुलांचा हक्क आहे, त्यांच्याकडून नफा घ्यायचा! याविरुद्ध मुलांच्या बाजूने लोक न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, फी ठरवताना मुलांच्या हिताचा विचार केला गेला नाही. पुढे जून २०२२ पासून, ज्यांना फी झेपत नाही अशा मुलांसाठी माफीची सोय झाली. पैशाअभावी कोणाचे अडले असेल तर त्याने आधी ही माफी मागावी.

कोणी म्हणेल, कायम वास्तव्य तर आहेच, मग नागरिकत्व कशाला? त्याला माझे उत्तर एका उदाहरणात आहे. १९४८ साली 'एम्पायर विंडरश' नावाचे जहाज वेस्ट इंडीजमधील लोकांना घेऊन इंग्लंडच्या टिलबरी बंदराला लागले. त्यानंतरच्या काळात आलेल्या अनेकांची मुले आईवडिलांच्या पासपोर्टवर आली. १९७३ पूर्वी तेथे स्थायिक झालेल्यांना राहण्याचा हक्क कायद्यानेच होता, पण हाती स्वतंत्र कागद नव्हता. ती तेथेच शिकली, कर भरले, म्हातारी झाली. २०१० मध्ये सरकारने जुनी आगमनपत्रे नष्ट केली. मग पुरावा मागितला गेला. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, काहींना ज्या देशाची ओळखही उरली नव्हती तेथे पाठवले गेले. २०१८ मध्ये हे उघडकीस आले आणि त्या प्रकरणात गृहमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. हक्क होता, पण कागद नव्हता. शिवाय कायम वास्तव्याची परवानगी सलग दोन वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास साधारणपणे संपते, हेही लक्षात ठेवा.

दुसरी बाजू लपवणे बरे नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलीचा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. 'ओसीआय' कार्ड मिळते, त्यावर ये-जा होते, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आईला हे समजले तेव्हा तिने एवढेच विचारले, "मग पोरगी आपली राहील ना?" मी म्हटले, "आई, नाते कुठे पासपोर्टवर लिहिलेले असते?" पण खरे सांगतो, उत्तर देताना मलाही जड गेले. हा निर्णय प्रत्येक घराने विचार करून घ्यावा. घ्यायचा नसेल तर तसे ठरवून घेऊ नये. विसरल्यामुळे किंवा आळसामुळे तो हुकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पुढील गोष्टी टिपून घ्या.

१) प्रत्येक मुलाच्या जन्माची तारीख आणि आपल्याला कायम वास्तव्य मिळाल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहा. आधी जन्म असेल तर अर्ज करावा लागणार. विद्यार्थी व्हिसावर असताना झालेले मूल साधारणपणे याच प्रकारात येते.

२) तेथे जन्मलेल्या मुलाला भारतीय ठेवायचे असेल तर जन्मापासून एका वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात नोंद करा.

३) मुलांचा प्रत्येक जुना पासपोर्ट, शाळेचे दाखले व प्रवासाच्या तारखा जपून ठेवा. रद्द झालेला पासपोर्टही फेकू नका.

४) दहा वर्षांवरील मुलाच्या अर्जात चांगली वर्तणूक पाहिली जाते. किशोरवयातला पोलिसांचा एखादा प्रसंगही आडवा येऊ शकतो. म्हणून लवकर अर्ज केलेला बरा.

५) एजंटाच्या नादी लागू नका. ब्रिटनमध्ये असा सल्ला देण्यासाठी अधिकृत नोंदणी किंवा वकिली लागते. ती आधी विचारा.

मे २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने कायम वास्तव्यासाठी नेहमीची पाच वर्षांची मुदत दहा वर्षे करण्याचा प्रस्ताव मांडला. वाट जितकी लांब, तितकी 'मधली' मुले जास्त. म्हणून नियम त्या-त्या वेळी तपासून पाहणे आवश्यक आहे.

बँकेत आम्ही मुदत संपलेला धनादेश परत करतो. समोरचा माणूस खरा असतो, खात्यात पैसेही असतात, पण तारीख उलटलेली असते. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटते, तरी मी काही करू शकत नाही. आपल्या मुलांच्या हक्कावर अशी वेळ येऊ देऊ नका. आज घरी गेल्यावर परदेशातील आपल्या मुलाला, भावाला, बहिणीला एक फोन करा आणि फक्त तारखा विचारा.