स्पेशल एज्युकेशन शिकायचंय? आधी एवढं पाहा

मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. साठी ओलांडल्यावर बेंगळुरूच्या एका खासगी विद्यापीठात विशेष शिक्षण शिकतोय. पालक, शिक्षिका, माझ्यासारखे निवृत्त लोक मला विचारतात, आम्ही हा कोर्स करावा का? जरूर करा. पण तीन गोष्टी ऐकून मग ठरवा.

पहिली गोष्ट, मान्यता. विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे, एवढ्यावर फी भरू नका. या क्षेत्राची वेगळी संस्था आहे, भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. तिचा कायदा १९९२चा. अभ्यासक्रमाला तिची मान्यता नसेल तर पदवी मिळेल, पण विशेष शिक्षक म्हणून नोंदणी होणार नाही. नोंदणीशिवाय हे काम करणाऱ्याला या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. मान्यता ठरावीक मुदतीची असते, म्हणून तुमच्या वर्षाची आहे का ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. प्रवेश कार्यालयातल्या गोड बोलण्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, इथे शिकतात काय? सैन्यात ड्रिलचा उस्ताद रंगरुटाला 'गिनती से' शिकवतो. 'एक' म्हटलं की एकच हालचाल. इथेही कामाचे असेच तुकडे पाडतात. शर्ट घालणं हे मुलासाठी दहा-बारा कामं असतात. बऱ्याचदा शेवटून सुरुवात करतात. बाकीची बटणं आपण लावायची, शेवटचं त्यानं. म्हणजे काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा. फरक एवढाच, की पलटण एका तालावर चालते. इथे प्रत्येक मुलाची योजना वेगळी आणि चालही त्याचीच.

तिसरी गोष्ट, भाषा. सरावाच्या शाळेत मी आधी दोन कन्नड शब्द शिकलो, 'बेकु' आणि 'बेडा'. हवं आणि नको. एक मुलगा रोज ताट भिरकावायचा. त्याला 'नको' म्हणता येत नव्हतं, म्हणून हात बोलायचे. त्याला 'बेडा'चं चित्रकार्ड दिलं, ते उचललं की ताट लगेच बाजूला. काही आठवड्यांत भिरकावणं खूप कमी झालं. आपण ज्याला हट्ट म्हणतो, तो पुष्कळदा न सापडलेला शब्द असतो.

परराज्यातल्या मराठी पालकांना इथेच एक सांगतो. मूल उशिरा बोलतंय म्हणून घरातली मराठी बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आजीशी बोलायची वाट मात्र बंद होते.

आता गरज किती ते पाहा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा १० मुलांमागे प्राथमिकला एक विशेष शिक्षक, आणि त्यापुढच्या वर्गांत १५ मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. तुमच्या जवळच्या शाळेत जा आणि असा शिक्षक आहे का, एवढंच विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर कोर्स करावा का या प्रश्नाचं उत्तरही तुम्हाला तिथेच मिळेल.

जय हिंद.