पावसातली मंगळागौर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरच्या त्या पावसातल्या मंगळागौरीची हकिगत सांगा, म्हणजे झाले." घरातलेच सांगायचे, म्हणून उभी राहिले आहे.

आपल्याकडे श्रावणात कार्य काढायचे आणि मग "पाऊस पडला हो!" म्हणून कपाळाला हात लावायचा, याचे मला नवल वाटते. श्रावण म्हटला की पाऊस आलाच. क्वचित उलटेही होते. २०२३ साली अधिक श्रावण आला, मंगळागौरी निज श्रावणात गेल्या आणि पावसाने अशी ओढ दिली की बायका आभाळाकडे बघत होत्या. पण ते एखादे वर्ष. एरवी छत्री गृहीत धरूनच आमंत्रण द्यावे.

माझ्या मुलीची पहिली मंगळागौर २०१९ सालची. नागपंचमी सोमवारी झाली आणि दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, श्रावणातला पहिला मंगळवार. खडकवासल्याचे पाणी सोडलेले, मुठेला पूर, भिडे पूल पाण्याखाली. आम्ही नदीच्या अलीकडे, पेठेतल्या जुन्या वाड्यात तळमजल्यावर राहतो. दोन खोल्या आणि पुढे पडवी. निम्मी माणसे पलीकडून यायची. आमचे हे म्हणाले, "पुढच्या मंगळवारी कर." कोणी सुचवले की हॉल घ्या, खेळ करणाऱ्या बायकाही पैसे देऊन मिळतात. मी म्हटले, पुढच्या मंगळवारी पाऊस येणार नाही असे कोणी लिहून दिले आहे का? आणि हॉलचे भाडे भरून वर खेळणाऱ्याही भाड्याच्या आणायच्या, तर मग आपण काय नुसते बघत बसायचे? विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी कार्याला येणार होत्या. दोन खोल्यांत त्यांची अडचण होईल, ही धास्ती मलाही होतीच. पण कार्य घरीच करायचे ठरवले.

पावसात खरा त्रास पाण्याचा नाही, सादळण्याचा आहे. काडेपेटी सादळते, मीठ ओलसर होते, चकली दोन दिवसांत मऊ पडते. म्हणून चकली-कडबोळ्यांच्या नादी न लागता मी भाजणीचे वडे केले, तेही पाने मांडल्यावर, कढईतून थेट पानात. पंचवीस माणसांना दीड किलो भाजणी आणि सव्वा किलो मटकी धरली होती. मटकीला एरवी रात्रीत मोड येतात, गार हवेत दीड दिवस लागतो. म्हणून रविवारी सकाळीच भिजत घातली, रात्री फडक्यात बांधून डब्यात ठेवली आणि डब्याला जुनी शाल गुंडाळली. सोळा दिव्यांच्या वाती आदल्या दिवशीच तुपात भिजवल्या. कोरडी वात दमट हवेत धड पेटत नाही. पत्री मात्र ओलीच येते. ती ओल्या फडक्यावर पसरून ठेवली की कुजत नाही.

दुसरे, जमीन. आमची शहाबादी फरशी; पावसाळ्यात तिला खालून पाणी सुटते. अशा फरशीवर फुगडी म्हणजे हाडवैद्याला आमंत्रण. सतरंजीही सरकते. मी खाट उभी करून पडवीत टेकवली, फरशी दर तासाला कोरड्या फडक्याने पुसवली आणि उंबऱ्याशी गोणपाटे ठेवली, चार, आळीपाळीने बदलायला. छत्र्यांना जस्ताची मोठी बादली. सगळ्या छत्र्या काळ्या, म्हणून मुठीला रंगीत दोरा बांधायचे काम धाकट्या मुलाला दिले. मुलींना आधीच निरोप धाडला होता की नऊवारी नेसून येऊ नका, पिशवीत घालून आणा. येताना भिजलेल्यांसाठी घरच्या आठ सुती साड्या परकरांसह घडी करून ठेवल्या होत्या. पाच लागल्या.

सकाळची पूजा नीट झाली. बरोबर पूजेला बसणाऱ्या चार मुलींपैकी तिघी आल्या, चौथीचा घोटभर पाण्यातून निघायचा धीर झाला नाही आणि तिने तो केला नाही हेच बरे. विहीणबाई लकडी पुलावरून वळसा घालून आल्या. संध्याकाळी मात्र पंचवीसांतली चौदाच माणसे जमली. ज्या दोघींना सगळे खेळ येत होते त्या पलीकडेच अडकल्या. त्यात दिवे गेले. समया होत्या, पण मुलींची गाणी सगळी फोनमध्ये, आणि फोनची बॅटरी संपत आलेली. झिम्मा दोन फेऱ्यांत संपला. पोरी भिंतीला टेकून बसल्या.

आमच्या वर एक मावशी राहतात. त्या वेळी त्यांना चौऱ्याहत्तरावे चालू होते. यजमान जाऊन वीस वर्षे झालेली. वाड्यातल्या प्रत्येक कार्याचे बोलावणे त्यांना जाते आणि प्रत्येक वेळी त्या नारळ पाठवतात, स्वतः येत नाहीत. सगळ्या पेठेत त्यांच्याइतकी गाणी कोणाला येत नाहीत. मी कंदील घेऊन वर गेले.

"मला कशाला खाली नेतेस? लोक काय म्हणतील?"

मी म्हटले, "मावशी, लोक नदीपलीकडे अडकलेत. खाली आपणच आहोत."

त्या आल्या आणि उंबऱ्याशीच बसल्या. माझे सगळे लक्ष विहीणबाईंकडे. मुलीचे पहिले वर्ष, तिचे सासर. त्या उठून गेल्या असत्या तर ते मला नाही, माझ्या मुलीला पुढे भोगावे लागले असते. विहीणबाई जराशा सरकल्या आणि म्हणाल्या, "दारात वारा लागतो, इकडे पाटावर या." दुसऱ्या एक बाई मात्र वडे न घेताच निघाल्या. त्यांचे माझे आजही बोलणे आहे, पण या विषयावर नाही. हळदीकुंकवाचे ताट फिरले तेव्हा मावशींनी हात मागे घेतला. मी आग्रह केला नाही. फूल दिले, ते त्यांनी घेतले.

मग खेळ! बसफुगडी, सूप नाचवणे, पिंगा, भेंड्या. घागर फुंकायला तर पोरींना दम पुरेना, मावशींनी ती अशी घुमवली की बाहेरचा पाऊस ऐकू येईना. रात्री दोनपर्यंत वाड्यातले कोणी झोपले नाही. ज्यांना बोलावले नव्हते ते पुरुषसुद्धा पडवीत येऊन बसले, उसळीवर ताव मारून गेले.

सकाळी दहीभाताचा नैवेद्य दाखवून उत्तरपूजा केली. नदीला पूर, तेव्हा पत्री अंगणातल्या पारिजातकाखाली खड्डा करून घातली. तेव्हापासून दर वर्षी तिथेच घालतो. नदीलाही बरे आणि झाडालाही. त्याच आठवड्यात कोल्हापूर-सांगलीला महापूर आल्याच्या बातम्या ऐकल्या आणि आपली ओली फरशी बोलून दाखवायची लाज वाटली.

एक राहिले. सगळ्या गेल्यावर बादलीत एक छत्री उरली, लाकडी मुठीची, हिरवा दोरा बांधलेली. मी घरोघर विचारले, कोणाचीच नाही म्हणतात. आपल्यापैकी कोणाची असेल तर घेऊन जावी, खुंटीला टांगून ठेवली आहे.