मोटारीचा सांधलेला पत्रा

मी कॉलेजात शिकवणारा, एम. ए. झालेला मास्तर. पत्र्याच्या कामाशी माझा संबंध काय, असे तुम्ही म्हणाल. संबंध आला तो चाकणच्या तळेगाव चौकात. मोटार उभी होती, आणि मागून वळणाऱ्या एका टेंपोने डावी बाजू चेपली. मागच्या दरवाजापासून दिव्यापर्यंतचा सगळा पत्रा आत गेला. कुणाला इजा झाली नाही, एवढे भाग्य.

पहिल्या गॅरेजात सांगितले, "तीन दिवसांत देतो. ठोकून काढू, वर लांबी भरू, रंग मारू. कळणारसुद्धा नाही." मी हो म्हणणार होतो. पण राजगुरुनगरला पत्र्याचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने गाडीखाली डोके घातले, बाहेर आला आणि म्हणाला, "सर, हा पत्रा ठोकायचा नाही, बदलायचा. मागच्या सीटवर मुलं बसतात ना तुमची?"

आता हे नीट समजून घ्यायला हवे. आपल्या पिकअपचे पाहा. खाली शिडीसारखी मजबूत चासी, वर हौदा, बैलगाडीसारखाच प्रकार. हौदा चेपला तरी चासी शाबूत. मोटारीला अशी वेगळी चासी बहुधा नसते. तळ, खांब, छप्पर आणि बाजूचे पत्रे एकमेकांना सांधून जो डबा होतो, तोच तिचा सांगाडा. इटलीच्या लान्सिया कारखान्याने १९२२ साली अशी गाडी पुढे आणली. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावलेली पद्मिनीही याच जातीची. पुढचे मडगार्ड बहुतेक गाड्यांना नट-बोल्टाने बसवलेले असते, ते सहज बदलता येते. मागच्या बाजूचा पत्रा मात्र सांधलेला असतो, आणि धक्क्याचा भार तोही वाटून घेतो.

सांधतात कसा? दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, तांब्याच्या दोन टोकांत दाबायचे आणि क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. पत्रे जिथे भिडतात तिथेच लोखंड वितळते आणि थिजते. झाला एक टाका. एका मोटारीत असे काही हजार टाके असतात. चाकणच्या कारखान्यांत ते यंत्राचे हात घालतात. गॅरेजात माणसाला एकेक शोधून उसवावा लागतो.

उसवण्याचे ते काम मी स्टुलावर बसून पाहिले. आधी त्याने बॅटरीची तार काढली, सीट काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली. मग डिकीच्या तोंडाची तिरकी मापे घेतली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही कर्ण सारखे भरेनात. तेव्हा जुना पत्रा अंगावर असतानाच साखळी लावून सांगाडा हळूहळू ओढला. आधीच पत्रा कापला असता, तर ओढायला धरायचे कशाला? मग तारेच्या ब्रशाने रंग खरवडला. टाके वाटोळ्या खळग्यांसारखे दिसू लागले. प्रत्येकावर आठ मिलिमीटरचे खास कटर लावायचे आणि फक्त वरचा पत्रा कापायचा. तो जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. हात जरा जड पडला की खालच्या पत्र्याला भोक! त्याने ओठ घट्ट मिटले होते. मीही बोललो नाही.

नवा पत्रा आला तो काळ्या रंगाचा. चिमट्यांनी धरून लावला, दरवाजा मिटून पाहिला, दिवा बसवून पाहिला, फट वरखाली झाली म्हणून परत काढला. चारदा तरी! जिथे पत्रे भिडणार तिथे जस्ताचा प्रायमर लावला. मग तसल्याच पत्र्याच्या दोन तुकड्यांवर टाका घातला आणि ते पकडीने ओढून फाडले. टाका सुटता कामा नये, पत्रा फाटला पाहिजे. तशी परीक्षाच असते. मूळचे जितके टाके, तितके पुन्हा घातले, तेही एका ओळीत नाही, इकडे एक तिकडे एक. नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. शेवटी सांध्यांत सीलर आणि आतल्या पोकळीत मेण. हे वगळले तर दोन पावसाळ्यांत आतून गंज.

गॅसची ज्योत त्याने गाडीजवळ येऊ दिली नाही. कारण तुम्हाला लगेच पटेल. लोहार कोयत्याला पाणी देतो. तोच कोयता पुन्हा आगीत टाकला तर पाणी उतरते. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत दरवाजांमधला खांब असाच लालबुंद तापवून साच्यातच थंड केलेला असतो. साध्या पत्र्याची एक चौरस मिलिमीटरची पट्टी तीसेक किलोच्या ओढीला तुटते. ही दीडशे किलोपर्यंत टिकते. ती तापवून सरळ केली की दिसायला खांब तोच, बळ मात्र गेले.

हे नुसते कागदावरचे नाही. अमेरिकेत टेक्ससमध्ये गारांनी चेपलेले एका होंडा फिटचे छप्पर बदलताना एका गॅरेजने टाके न घालता ते गोंदाने चिकटवले. ती गाडी पुढे एका जोडप्याने जुनी म्हणून घेतली. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. २०१३ साली अपघात झाला, सांगाडा कोसळला, दोघे आत अडकले आणि गाडीने पेट घेतला. दोघे जगले, पण जबर जखमी होऊन. २०१७ साली डॅलसच्या ज्युरीने नुकसानभरपाईचा मोठा वाटा त्या गॅरेजवर टाकला.

आपल्याकडे लांबी का भरतात, तेही सांगतो. गाडी पाच वर्षांहून जुनी असली, की साध्या विम्यात लोखंडी भागांवर निदान चाळीस टक्के घसारा धरतात. तो मालकाच्या खिशातून जातो. मलाही तो जड गेला. तेव्हा सगळा दोष कारागिराच्या माथी मारता येणार नाही.

जुनी गाडी घ्यायला जाल, तर फडक्यात गुंडाळलेले लहान लोहचुंबक बरोबर न्या. लांबी जाड असेल तिथे ते धरत नाही. (प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमलाही धरत नाही, हे ध्यानात असू द्या.) शिक्षकबंधूंना हा प्रयोग वर्गात करता येईल. डिकीच्या तोंडाचे रबर उचलून पाहा. कारखान्याचे टाके सारख्या अंतरावर आणि वाटोळे दिसतात. एका बाजूला ते दिसत असतील आणि दुसरीकडे गुळगुळीत असेल, तर मालकाला विचारा.

माझी गाडी अकराव्या दिवशी मिळाली. जुना पत्रा भंगारात घालू का, असे त्याने विचारले. मी तो घरी आणला. कडेच्या भोकांची ओळ मुलांनी मोजली; दोघांची संख्या जुळेना, म्हणून अजून मोजणे चालू आहे.